वरीलप्रमाणे

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो आणि तुमच्या यजमानांचा खोकला गेला की अजून पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून आहे, ते सविस्तर कळवा. इकडे सर्व क्षेम. सासूबाईंची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे (हे मी सुनेच्या तोंडचं गोड बोलणं म्हणून लिहीत नाही, सरकारी यंत्राने मोजून सांगितलेलं आहे). तुमचे बंधू मजेत आहेत. मीही ठणठणीत आहे, माझी काळजी करायला जागाच नाही.

तुम्ही भावासाठी पाठवलेला पावडरचा डबा पोचला. एवढा मोठा डबा आमच्या फळीवर मावेना, म्हणून पिठाचा डबा खाली उतरवला आणि हा वर बसवला. तुमचे बंधू रोज सकाळी चष्मा लावून त्यावरचं बारीक अक्षर वाचतात, मग दोन मोठे चमचे पावडर दुधात टाकून झाकणाच्या भांड्यात अशी घुसळतात की खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर येऊन विचारून गेल्या, घरात मिस्त्री लागलाय का म्हणून. पिऊन झालं की आरशासमोर दंड वाकवतात. दंडात काय उगवलं ते मला अजून दिसलेलं नाही. (टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढली, पण त्यांनी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे रिसीव्हर.) फोनवरच्या व्हिडिओत कुणीतरी डॉक्टर रोज बोलतो, तो त्यांनी गुरू केलाय. सगळी जनता प्रोटीनअभावी खंगत चालली आहे, हे ते दूधवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना थांबवून सांगतात. इस्त्रीवाला आता आमचे कपडे लवकर देतो, बोलणं टाळायला.

पण पत्राचं कारण ते नाही. कारण असं की ही जनता खरोखर खंगते आहे का, हे मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. तुम्हाला माहीतच आहे, मी आरोग्य खात्यात एकोणीस वर्षं आवक-जावकीच्या टेबलावर आहे. आलेला कागद घ्यायचा, नंबर टाकायचा, पुढे ढकलायचा. माणसाशी संबंध येत नाही, म्हणून तब्येत टिकली. तर वरून आदेश आला की नगरातले लोक रोज किती प्रथिनं खातात आणि त्याचा त्यांच्या अंगावर काय परिणाम दिसतो, त्याची पाहणी करा. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जे कुणी रजेवर नव्हतं त्यांना पाठवलं. म्हणजे मी, आणि आमच्याकडे नव्याने लागलेली एक उंच मुलगी, जिला सगळे फूटपट्टी म्हणतात (ती स्वतःसुद्धा फोन उचलून ‘फूटपट्टी बोलतेय’ म्हणते, त्यामुळे राग यायचा प्रश्न नाही).

आम्हाला एक दिवस प्रशिक्षण दिलं. एका तज्ज्ञाने तीन तास समजावलं की माणसाचं वजन जेवढे किलो, साधारण तेवढे ग्रॅम प्रथिनं त्याच्या पोटात रोज जायला हवीत. ती कमी पडली तर अंगातलं मांस झिजतं, मूठ सैल पडते, उठता-बसता आधार लागतो, साधा ताप आला तरी माणूस लवकर वर येत नाही. आणि असं घरोघर झालं की ते एकट्यादुकट्याचं दुखणं राहत नाही, गावाचं होतं. हे सांगून झाल्यावर आम्हाला जेवण दिलं. बटाटा, पाव आणि वर साखरेत बुडवलेलं काहीतरी. मी तज्ज्ञांना विचारलं, यात किती ग्रॅम? ते म्हणाले, हा विषय दुपारच्या सत्रात आहे. दुपारचं सत्र झालं नाही.

मग सामान दिलं. स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा, एक टेप, बेचाळीस रकान्यांचे फॉर्म आणि मूठ आवळायचं एक यंत्र. ते हातात धरून जीव खाऊन दाबायचं, की काटा फिरतो आणि तुमच्या मुठीत किती किलोचा जोर आहे ते सांगतो. वॉर्डातली ऐंशी घरं आमच्या वाट्याला आली. रकाना पंधरा कुटुंबप्रमुखाने काल काय खाल्लं त्याचा, रकाना सोळा घरातल्या बाईने काय खाल्लं त्याचा.

पहिलंच घर व्यायामशाळेच्या मास्तरांचं. त्यांना पेठेत डोंगर म्हणतात. ते दारातून आडवे होऊन बाहेर आले, कारण सरळ येता येत नव्हतं. रोज चौदा अंड्यांचं पांढरं, अर्धी कोंबडी, वर दूध आणि तुमच्या डब्याच्या भाऊबंदातला एक डबा. हिशेब दोनशे ग्रॅमच्या वर गेला, तेव्हा फूटपट्टीने रकान्याबाहेर लिहायला सुरुवात केली. मी विचारलं, चौदा पिवळ्यांचं काय होतं? डोंगर म्हणाले, ते आम्ही खात नाही, ते मांजराला. मांजर कोपऱ्यात पडलं होतं. वन्सं, मी आधी तो लोड समजले. त्याने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतला, दुसरा उघडण्याइतकी त्याला आमची किंमत वाटली नाही. मग मी डोंगरांच्या बायकोला विचारलं, तुम्ही काल काय खाल्लंत? ती पदराला हात पुसत म्हणाली, “आम्हीपण तेच. हे खातात तेच.” मी रकाना सोळात लिहिलं, ‘वरीलप्रमाणे’. (एकोणीस वर्षं आवक-जावक केल्यावर हा शब्द हातातून आपोआप पडतो. डोकं चालवायला लागत नाही.) ती मांजरापेक्षा हलकी होती हे मला दिसलं होतं. पण फॉर्ममध्ये दिसण्याला रकाना नव्हता.

पुढे एक निवृत्त प्राध्यापक भेटले. त्यांनी वहीच समोर ठेवली. सहा वर्षांचा स्वतःचा आहार, तारीखवार, दशांश चिन्हासकट. मी म्हटलं, कालचं दूध कुठल्या भांड्यात होतं ते दाखवा, वजन करायचंय. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. बायको पेला घेऊन आली. वहीत पाव लिटर, पेल्यात जेमतेम त्याच्या निम्मं. प्राध्यापक म्हणाले, पेला चुकीचा असणार. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि ती पेला परत आत घेऊन गेली. ती काय खाते? तेच, आम्ही दोघंच तर आहोत. वरीलप्रमाणे.

असं घरामागून घर. सगळ्यांनी काल नेमकं चांगलंचुंगलं खाल्लेलं असायचं. काटा बाहेर काढला की लोकांना अंडी आठवायची. एका गृहस्थांनी तर चार दिवसांवर आलेल्या मेजवानीतला मासा आगाऊ सांगून टाकला. आणि बाया सगळ्या एका सुरात, तेच, तेच, तेच. मी मनात हसायचे. म्हणायचे, या बायांना सरळ दोन शब्द बोलता येत नाहीत, यांचं कसं भलं व्हायचं.

एकच बाई खरं बोलली. जिन्याखालच्या खोलीत शिवणकाम करणारी, एकटी. मी विचारलं, काल काय खाल्लंत? ती मशीन न थांबवता म्हणाली, “काल? चहा आणि पाव. दोनदा.” आणि परवा? “परवा पाव नव्हता.” मग काय, इतक्या घरांत दाबून ठेवलेलं माझं सगळं ज्ञान मी तिच्यावर ओतलं. कडधान्य रात्री भिजत घालता येतं, त्याला काही वेळ लागत नाही, स्वतःकडे दुर्लक्ष करणं हासुद्धा एक आळसच. अगदी तज्ज्ञासारखी बोलले. तिने शिवण संपवली, दोरा दाताने तोडला आणि माझ्या मनगटाकडे बघत विचारलं, “आणि ताई, तुम्ही काल काय खाल्लंत?” मी म्हटलं, “आम्ही काय, घरात सगळे खातात तेच.” तिने मशीन पुन्हा सुरू केलं. फूटपट्टीने मात्र मान वर केली.

एकोणऐंशी घरं झाली. ऐंशीवं कुलूपबंद निघालं, माणसं गाव सोडून गेलेली. साहेबांना आकडा ऐंशीच हवा होता. वॉर्डाच्या हद्दीत कर्मचाऱ्यांपैकी कोण राहतं ते त्यांनी पाहिलं आणि माझ्या घरावर बोट ठेवलं. नियमाप्रमाणे मी स्वतःचं घर मोजू शकत नव्हते, म्हणून रविवारी दुपारी फूटपट्टी काटा घेऊन आमच्याकडे आली.

तुमच्या बंधूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. टेबलावर डबा असा ठेवला होता की आत येणाऱ्याला आधी तोच दिसावा. तासभर ते बोलले आणि ती लिहीत राहिली. मग ताटं वाढली. त्यांचं ताट काट्यावर गेलं, सासूबाईंचं गेलं (त्यांना रोज मऊ उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध असतं, ते त्या सोडत नाहीत). मी म्हटलं, माझं राहू दे, तेच लिही. फूटपट्टी म्हणाली, “नाही, काकू. तुमचं ताट दाखवा.” मी म्हटलं, अगं मी नंतर बसते. “मी थांबते,” ती म्हणाली, आणि खरोखरच थांबली. सगळे जेवून उठेपर्यंत ती दारात उभी होती, मग तिने माझं ताट पाहिलं. भाताची खरवड होती. डाळीचं वरचं पाणी होतं, कारण घट्ट डाळ वाढून झाली होती. बटाट्याचे दोन तुकडे. अंडी चार आणली होती, तीन बंधूंना, एक सासूबाईंना. तिने सगळं मोजलं, सकाळचा चहा विचारला, कालची रात्र विचारली आणि पाटीवर बेरीज लिहावी तसं मोठ्या अक्षरात लिहिलं, दिवसाचे सव्वीस ग्रॅम. माझं वजन एकोणपन्नास किलो आहे. म्हणजे गरजेच्या जेमतेम निम्मं, हे मला कुणी सांगायला नको होतं. लोकांना सांगत मीच फिरत होते.

मग मुठीचं यंत्र. बंधूंनी आवळलं, चेहरा लाल झाला, काटा बऱ्यापैकी फिरला. सासूबाईंनी हौसेने हात पुढे केला, सतरा आले. मी एकोणऐंशी घरांत ते यंत्र दुसऱ्यांच्या हातात दिलं होतं, स्वतः कधी दाबून पाहिलं नव्हतं. दाबलं. चौदा. मी म्हटलं, बिघडलंय. पुन्हा दाबलं, साडेतेरा. वन्सं, सासूबाई ब्याऐंशीच्या, मी त्रेपन्नाची. तुमचे बंधू हसले. म्हणाले, “आईने तुला हरवलं.” सासूबाई आधी त्यांच्याबरोबर हसल्या, मग थांबल्या. स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “ही घरात यायच्या आधी मीपण शेवटीच बसायचे. हिने मला आधी बसवलं.” बंधू म्हणाले, “मग मला कधी कुणी सांगितलं नाही.” त्या म्हणाल्या, “तू ताटावरून मान वर केली असतीस तर दिसलं असतं.” यावर बंधूंनी डब्याचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं आणि फूटपट्टी लिहीत राहिली.

तीन दिवस आमच्याकडे क्रांती झाली. बंधूंनी स्वतः अंडं उकडलं (भांड्यातलं पाणी आटून अंडं फुटलं, तेव्हा ते फोनवर डॉक्टरचं ऐकत होते), मला पावडर घुसळून दिली आणि दोन्ही गोष्टी पेठभर सांगितल्या. पावडरची चव ओल्या भिंतीसारखी आहे. तुम्ही प्रेमाने पाठवली म्हणून लिहीत नव्हते, पण आता लिहिलं गेलं. चौथ्या दिवशी सगळं पूर्ववत झालं आणि क्रांतीचं भांडं मी घासलं.

याच सुमाराला साहेबांनी अहवाल छापला. वॉर्डाचं प्रथिनांचं प्रमाण, सरासरीने, समाधानकारक. मी तो तीनदा वाचला. म्हणजे डोंगरांनी खाल्लेली कोंबडी सरासरीने शिवणवाल्या बाईच्या पोटात गेली होती आणि तिलाही कळलं नव्हतं. आणि बायकांचा आकडा तर पुरुषांच्या बरोबरीने आला होता, कारण मी चौसष्ट फॉर्मांवर ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं होतं आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्याने नवऱ्याचे आकडे उचलून बायकोच्या नावावर घातले होते. कागदावर डोंगरांची बायकोही चौदा अंडी खात होती. या मूर्खपणात मला हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण अक्षर माझं होतं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, बायकांचा रकाना चुकलाय, पुन्हा मोजायला हवा. साहेब म्हणाले, “बाई, अहवाल वर गेलाय. तुम्ही आता सरासरी खाली आणायला निघालात.” मी म्हटलं, “ती आधीपासून खालीच आहे, साहेब. मी फक्त वाकून बघतेय.” एकोणीस वर्षांत मी त्यांना एवढं लांब वाक्य कधी ऐकवलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, कार्यालयाच्या वेळात नाही.

म्हणून मी आणि फूटपट्टी जेवणाच्या सुट्टीत जायला लागलो. काही विचारायचंच नाही, फक्त म्हणायचं, तुमचं ताट दाखवा. एवढ्या तीन शब्दांनी काय काय झालं ते लिहायला वेगळं पत्र लागेल. डोंगरांच्या बायकोच्या ताटात पाव आणि रश्श्याचं पाणी होतं. डोंगरांनी ते पाहिलं आणि एवढा थोरला माणूस स्टुलावर बसला (स्टूल गेलं). प्राध्यापकांच्या बायकोने सांगितलं की दूध त्यांच्या पेल्यात निम्मं आणि तिच्या पेल्यात नाहीच, उरलेलं रोज नातवंडांकडे जातं, ते वहीत नसतं. एकतीस घरं झाली. त्यांतल्या सव्वीस घरांत बाईचं ताट पुरुषाच्या ताटाच्या निम्म्याच्याही खाली निघालं. तिथे काम थांबलं. वरच्या कार्यालयाने अहवालाची दुसरी प्रत मागवली, तिच्या शेवटी फूटपट्टीने ते फॉर्म टाचून दिले, कोऱ्या पानांच्या मागे, म्हणजे साहेबांना दिसणार नाहीत. वरच्या कार्यालयातल्या एका डॉक्टरबाईंना कागद शेवटाकडून वाचायची सवय निघाली. आता परिपत्रक आलं आहे की सर्व वॉर्डांत रकाना सोळा ताट पाहूनच भरावा. साहेब सगळ्यांना सांगतात, ही कल्पना मुळात त्यांची. सांगू देत. शिवणवाल्या बाईकडे मात्र मी अजून गेले नाही. तिच्यासमोर उभं राहायला जरा तयारी लागेल.

तर अशी इकडची हकिकत. तुमच्या यजमानांना नमस्कार, नातीला पापा. सासूबाई आशीर्वाद सांगतात आणि बंधू सांगतात की डबा अर्ध्यावर आलाय.

तुमची
भावजय

ता.क. काम एकतीस घरांनंतर का थांबलं ते लिहायचं राहिलं. बत्तिसाव्या घराचा चौथा मजला चढताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी काट्यासकट अर्धा जिना खाली आले. काटा शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, हाड वाचलं, पण बाई, त्यावर मांस कुठे आहे? महिनाभर नीट खायला आणि पंधरा दिवस उभं न राहायला सांगितलंय. वर ‘ठणठणीत’ लिहिलं ते सवयीने. तेवढा शब्द खोडून वाचावा.

ता.क. २. मी घरात असले की उभी राहतेच, हे मला ठाऊक आहे. कुणी बसवलं तरी पाच मिनिटांत ओट्याशी सापडते. म्हणून पंधरा दिवस तुमच्याकडे यायचं मनात आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तुमच्याकडे दरवेळी आले ती तुमच्या स्वयंपाकघरात मदतीला. या खेपेला मदत करणार नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

ता.क. ३. इकडची व्यवस्था सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतली आहे. त्या खुर्चीवर बसून सांगणार आणि तुमचे बंधू करणार. काल सराव झाला. मीठ कुठे असतं हे त्यांना कळलं आहे. तुमच्याकडे जेवायला किती वाजता बसतात तेवढं उलट टपाली कळवा, मी त्याच्या आधी पोचेन.